होसे क्लेमेन्ते ओरोस्को : क्रांतीचा चित्रकार आणि क्रांतीचा टीकाकार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोत उदयास आलेली भित्तिचित्र चळवळ ही आधुनिक कलेच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली जाते. दिएगो रिवेरा, दाविद आल्फारो सिकेइरोस आणि होसे क्लेमेन्ते ओरोस्को हे तिचे तीन प्रमुख शिल्पकार होत. यांपैकी रिवेराचे नाव भारतीय वाचकास अधिक परिचित आहे. मराठी वाचकापुरते बोलावयाचे तर, वर्ध्याचे क्रांतिकारक आणि मेक्सिकोतील चापिंगो येथील कृषी विद्यालयाचे प्राध्यापक डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या चरित्रातूनही रिवेराचा परिचय झालेला असतो. त्या मानाने ओरोस्को उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः न्यूयॉर्कमधील एका शिक्षणसंस्थेच्या भिंतीवर महात्मा गांधी आणि सरोजिनी नायडू यांना चित्रित करणारा ओरोस्को हा भारतीय अभ्यासकांच्या विशेष कुतूहलाचा विषय व्हावयास हवा होता.

ओरोस्कोच्या कार्याचा विचार करताना एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्या राजवटीने क्रांतीच्या नावाने सत्ता मिळवली, तिच्याच आश्रयाने, तिच्याच इमारतींच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या कलावंताला त्या क्रांतीची चिकित्सा कितपत करता येते? आश्रय आणि स्वातंत्र्य यांचा मेळ त्याने कसा घातला? प्रस्तुत लेखात ओरोस्कोच्या जीवनाचा व कार्याचा आढावा घेऊन या प्रश्नाचा शोध घेतला आहे. त्याचबरोबर त्याची भित्तिचित्रे आणि त्याची मुद्राचित्रे यांतील परस्परसंबंधही तपासला आहे. कारण अनेक चरित्रलेखांत मुद्राचित्रांचा उल्लेख केवळ पुरवणीसारखा येतो.

जडणघडण

ओरोस्कोचा जन्म २३ नोव्हेंबर १८८३ रोजी हालिस्को प्रांतातील सापोत्लान एल ग्रान्दे या गावी झाला. हे गाव आज सियुदाद गुस्मान या नावाने ओळखले जाते. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब प्रथम ग्वादालाहारा येथे व नंतर मेक्सिको शहरात स्थायिक झाले. शाळेच्या वाटेवर आंतोनियो वानेगास आर्रोयो या प्रकाशकाचे दुकान होते. या प्रकाशकाकडे होसे ग्वादालुपे पोसादा हा खोदचित्रकार काम करीत असे. खून, भूकंप, फाशी, चमत्कार, राजकारण अशा विषयांवरील एका पानाची स्वस्त चित्रपत्रके तेथे छापली जात आणि ती रस्त्यांवर विकली जात. काचेपलीकडे काम करणाऱ्या पोसादाला आपण शाळेत जाता-येता पाहत उभे राहत असू व त्यातूनच आपल्या मनात चित्रकलेची ओढ निर्माण झाली, असे ओरोस्कोने आत्मचरित्रात सांगितले आहे. पोसादाचे हसणारे, नाचणारे, सायकलवर बसणारे सांगाडे प्रसिद्ध आहेत. पुढे अनेक वर्षांनी एका अमेरिकन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ओरोस्कोने जे सांगाडे रंगविले, त्यांचे मूळ या बालपणीच्या संस्कारात शोधता येते.

सान कार्लोस कला अकादमीच्या रात्रीच्या वर्गात त्याने काही काळ शिक्षण घेतले. परंतु कुटुंबाच्या अपेक्षेनुसार त्याला सान हासिन्तो येथील कृषी विद्यालयात जावे लागले. तरुणपणी स्फोटक दारूच्या अपघातात त्याचा डावा हात मनगटापासून गेला व दृष्टीलाही कायमची इजा झाली. वडिलांच्या निधनानंतर वास्तुविशारदाच्या कचेरीत आराखडे काढून तो उदरनिर्वाह करू लागला. या सर्व अडथळ्यांनंतर १९०६ च्या सुमारास तो पुन्हा अकादमीत दाखल झाला. उंच परांचीवर उभे राहून ओल्या गिलाव्यावर चित्र रंगविणे हे दोन हातांच्या माणसालाही दमविणारे काम होय. ते ओरोस्कोने आयुष्यभर एका हाताने केले.

अकादमीत युरोपीय नमुन्यांच्या अनुकरणावर भर होता. त्याविरुद्ध बंडाची भाषा बोलणारा हेरार्दो मुरियो हा चित्रकार, जो 'डॉ. आत्ल' या नावाने प्रसिद्ध होता, तरुण विद्यार्थ्यांचा स्फूर्तिदाता ठरला. सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना मिळाव्यात ही कल्पना त्याने १९१० मध्येच मांडली होती. मात्र त्याच वर्षी पोर्फिरियो दियास याच्या प्रदीर्घ सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि भिंतींचा विषय मागे पडला.

क्रांतीचा अनुभव आणि व्यंगचित्रे

मेक्सिकन क्रांती हा एकसंध लढा नव्हता. मादेरो, सापाता, विया, कार्रान्सा, ओब्रेगॉन अशा अनेक नेत्यांची सैन्ये प्रथम जुन्या राजवटीशी आणि नंतर परस्परांशी लढली. यांपैकी मादेरो, सापाता, कार्रान्सा, विया आणि ओब्रेगॉन हे पाचही जण १९१३ ते १९२८ या काळात मारले गेले. ओरोस्कोची राजकीय दृष्टी या वस्तुस्थितीतून घडली. १९११ पासून तो 'एल आउइसोते' या विरोधी पत्रात व्यंगचित्रे काढू लागला व मादेरो याच्यासारख्या लोकप्रिय नेत्यालाही त्याने सोडले नाही. १९१५ मध्ये डॉ. आत्लबरोबर तो ओरिसाबा येथे गेला आणि कार्रान्साच्या पक्षाच्या 'ला वांग्वार्दिया' या पत्रासाठी चित्रे काढू लागला. रेल्वेगाड्यांतून येणारे जखमी सैनिक, लुटालूट, बंदिवानांना गोळ्या घालणे ही दृश्ये त्याने तेथे जवळून पाहिली. पुढे आत्मचरित्रात या काळाबद्दल लिहिताना त्याने वीररसाचा आधार घेतलेला नाही. आपण क्रांतीत काही पराक्रम केला असा दावाही त्याने केला नाही. उलट शोकांतिका आणि जत्रा यांचे विलक्षण मिश्रण म्हणूनच त्याने त्या दिवसांकडे पाहिले आहे.

याच काळात मेक्सिको शहरातील वेश्यावस्तीवर आधारित जलरंगांतील चित्रमालिका त्याने रंगविली. १९१६ मध्ये तिचे प्रदर्शन भरले. परंतु समीक्षकांनी त्याचे स्वागत केले नाही. निराश होऊन १९१७ मध्ये तो अमेरिकेकडे निघाला, तेव्हा लारेडो येथील सीमेवर जकात अधिकाऱ्यांनी अनैतिक ठरवून त्याची सुमारे साठ चित्रे नष्ट केली. सत्ताधाऱ्यांच्या हस्तक्षेपाचा हा त्याचा पहिला मोठा अनुभव होय. सान फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथे किरकोळ कामे करून १९२० मध्ये तो मायदेशी परतला.

भित्तिचित्र चळवळ आणि राष्ट्रीय प्रिपरेटरी शाळा

१९२० नंतर ओब्रेगॉनच्या कारकिर्दीत होसे वास्कोन्सेलोस याच्याकडे शिक्षणखाते आले. निरक्षरतेविरुद्धची मोहीम, ग्रामीण शाळा, स्वस्त ग्रंथप्रकाशन यांच्या जोडीने त्याने सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांसाठी खुल्या केल्या. ज्या देशात बहुसंख्य जनतेस लिहिता-वाचता येत नव्हते, तेथे भिंत हेच पुस्तक व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. चित्रकारांनी आपली संघटना स्थापन केली आणि घरात टांगण्याच्या चित्राऐवजी सार्वजनिक कलेचा पुरस्कार करणारा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ओरोस्को या संघटनेचा सभासद होता व तिच्या 'एल माचेते' या पत्रात त्याची तिखट व्यंगचित्रेही प्रसिद्ध झाली. तथापि घोषणांवर आणि जाहीरनाम्यांवर त्याचा फारसा विश्वास कधीच नव्हता.

१९२३ मध्ये त्याला सान इल्देफोन्सो येथील राष्ट्रीय प्रिपरेटरी शाळेत काम मिळाले. त्याच वर्षी मार्गारिता वायादारेस हिच्याशी त्याचा विवाह झाला. आरंभीच्या चित्रांत इटालियन प्रबोधनकालीन प्रभाव दिसतो. 'मातृत्व' हे त्यांपैकी आज टिकून असलेले चित्र होय. १९२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने चित्रांवर हल्ला केला, ती खरवडली, विद्रूप केली. वास्कोन्सेलोस पदावरून दूर झाला आणि ओरोस्कोचे काम थांबले. १९२६ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले, तेव्हा त्याने आपली आरंभीची अनेक चित्रे स्वतःच पुसून टाकली व नव्याने रंगविली.

या दुसऱ्या टप्प्यातील 'खंदक' हे चित्र त्याच्या कलेचे वळण दर्शविते. लालसर पार्श्वभूमीवर तीन पुरुषाकृती आहेत. दोघे दगडांवर व तुळयांवर कोसळलेले, तिसरा गुडघे टेकून हाताने चेहरा झाकून घेणारा. तिघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. त्यांच्या अंगावर कोणत्याही पक्षाची खूण नाही, हातात ध्वज नाही, शत्रू कोठेही दाखविलेला नाही. हे सैनिक सापाताचे की कार्रान्साचे, हे ठरविता येत नाही आणि ते ठरविता येऊ नये हाच चित्राचा आशय आहे. त्याच इमारतीतील जिन्यात कोर्तेस आणि मालिन्चे यांचे चित्र आहे. स्पॅनिश विजेता आणि त्याची स्थानिक दुभाषी व सहचरी हातात हात घेऊन बसले आहेत आणि त्यांच्या पायाशी एक मूलनिवासी पुरुष पालथा पडला आहे. नव्या मिश्र समाजाचा जन्म आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी येथे एकाच चौकटीत आल्या आहेत. रिवेराने प्राचीन मूलनिवासी संस्कृतीचे सुवर्णयुग रंगविले. ओरोस्कोला असे कोणतेही सुवर्णयुग मान्य नव्हते.

शिळाछाप मुद्राचित्रे

मेक्सिकोत कामे मिळेनाशी झाल्यावर डिसेंबर १९२७ मध्ये ओरोस्को न्यूयॉर्कला गेला. तत्पूर्वी अनिता ब्रेन्नर या लेखिकेने त्याला मदत करण्यासाठी एका काल्पनिक ग्राहकाचे नाव पुढे करून क्रांतीविषयक शाईचित्रांची मालिका त्याच्याकडून काढून घेतली होती. 'क्रांतीतील मेक्सिको' या नावाने ही मालिका ओळखली जाते. लूट, सामूहिक अंत्यविधी, फाशी, बलात्कार, जखमी माणसे हे तिचे विषय होत. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धविषयक मुद्राचित्रांशी तिची तुलना केली जाते व ती रास्त आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ पासून ओरोस्को शिलामुद्रणाकडे वळला. जुन्या शिळाछाप पोथ्यांमुळे मराठी वाचकास हे तंत्र अपरिचित नाही. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढतात. दगड ओला केल्यावर पाणी कोऱ्या भागावर राहते; तेलकट शाई मात्र रेषांवरच बसते. या तंत्रात चित्रकाराच्या हाताचा दाब, खडूचा खरबरीतपणा आणि काळ्या रंगाच्या छटा जशाच्या तशा कागदावर उतरतात. व्यंगचित्रकाराच्या हाताला हे माध्यम अत्यंत अनुकूल होते.

भित्तिचित्रांतील काही आकृतिबंध त्याने दगडावर पुन्हा रेखाटले. 'मृतात्म्यासाठी प्रार्थना' या चित्रात दारासमोर बसलेल्या शोकाकुल माणसांच्या फक्त पाठी दिसतात. 'पिछाडीची तुकडी' या चित्रात सैन्यामागून चालणाऱ्या स्त्रिया आहेत; त्यांच्या पाठीवर मुले बांधलेली, पुरुषांच्या खांद्यांवर बंदुका, आणि पुन्हा सर्वांची तोंडे प्रेक्षकाच्या विरुद्ध दिशेला. इतिहासग्रंथांत ज्यांची नावे येत नाहीत, अशा या माणसांना ओरोस्कोने चेहरेही दिले नाहीत. पाठीच्या वाकातून आणि पावलांच्या जडपणातूनच त्यांचे दुःख व्यक्त होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवर त्याने केलेले मुद्राचित्र हे त्या देशातील वास्तवाला दिलेले थेट उत्तर होते. १९३५ मधील 'जनसमूह' या चित्रात तर जमाव म्हणजे केवळ उघडी तोंडे, हातपाय आणि फलक यांचा ढीग झाला आहे. ज्या काळात डाव्या चळवळीतील कलावंत जनसमूहाला देवत्व देत होते, त्या काळात हे चित्र काढणे धाडसाचे होते.

त्याच्या मुद्राचित्रांची एकूण संख्या पन्नासच्या आसपास आहे. मात्र त्यांचे महत्त्व संख्येवरून ठरत नाही. भित्तिचित्र एका जागी खिळलेले असते. ते पाहण्यास माणसाला तेथे जावे लागते. मुद्राचित्र माणसाकडे जाते. भित्तिचित्रास शासन किंवा संस्था यांचा आश्रय लागतो. मुद्राचित्रास दगड, मुद्रक आणि थोडा कागद पुरतो. त्यामुळे आश्रयदात्याशिवाय बोलण्याची मोकळीक त्याला या माध्यमाने दिली, असे म्हणता येते.

न्यू स्कूलमधील गांधीजी आणि सरोजिनी नायडू

न्यूयॉर्कमध्ये ओरोस्कोला अल्मा रीड या पत्रकार महिलेचा आधार मिळाला. युकातानचा समाजवादी गव्हर्नर फेलिपे कार्रियो पुएर्तो याच्याशी तिचा विवाह ठरला होता. परंतु जानेवारी १९२४ मध्ये बंडखोरांनी त्याला गोळ्या घालून ठार केले. अल्मा रीड आणि एव्हा सिकेलियानोस यांच्या न्यूयॉर्कमधील निवासस्थानी ग्रीक संस्कृतीचे उपासक, कवी आणि वसाहतवादविरोधी विचारवंत एकत्र येत. या जागेस 'आश्रम' असे भारतीय नाव देण्यात आले होते. १९२८-२९ मध्ये सरोजिनी नायडू अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ओरोस्कोची त्यांच्याशी याच वर्तुळात भेट झाली.

१९३० मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाच्या भोजनगृहात त्याने 'प्रॉमिथिअस' हे भित्तिचित्र रंगविले. अमेरिकेतील मेक्सिकन चित्रकाराचे हे पहिले भित्तिचित्र होय. माणसांसाठी अग्नी आणणारा प्रॉमिथिअस मध्यभागी आहे. पण त्याच्याभोवतीचा जमाव केवळ कृतज्ञ नाही, कित्येकजण त्या अग्नीपासून तोंड फिरवीत आहेत. त्यानंतर न्यूयॉर्कमधील 'न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च' या संस्थेच्या नव्या इमारतीत त्याने चित्रे काढली. १९३० च्या अखेरीस सुरू झालेले हे काम जानेवारी १९३१ मध्ये पूर्ण झाले.

येथील एका भिंतीवर पाश्चात्य जगातील संघर्ष आहे. त्यात लेनिन आणि स्टालिन यांच्याबरोबर कार्रियो पुएर्तोही आहे. समोरच्या भिंतीवर पूर्वेकडील संघर्ष आहे. साखळदंडांनी जखडलेली माणसे, साम्राज्याचे सशस्त्र सैनिक आणि त्यांच्यासमोर शांतपणे बसलेले गांधीजी व त्यांच्यासमवेत सरोजिनी नायडू अशी ही मांडणी आहे. मुख्य भिंतीवरील 'विश्वबंधुत्वाचे मेज' या चित्रात निरनिराळ्या वंशांची माणसे एकत्र बसली असून प्रमुख स्थानी कृष्णवर्णीय व्यक्ती आहे.

या चित्राच्या काळाकडे लक्ष देणे आवश्यक ठरते. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजींना अटक होऊन पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले होते. त्यांची सुटका २६ जानेवारी १९३१ रोजी झाली. धारासना येथील सत्याग्रहाचे नेतृत्व करणाऱ्या सरोजिनी नायडू यांनाही त्याच मे महिन्यात अटक झाली होती. म्हणजे गांधीजी येरवड्याच्या भिंतींआड असताना न्यूयॉर्कच्या एका शिक्षणसंस्थेच्या भिंतीवर त्यांची प्रतिमा साकार होत होती. हिंसक क्रांतीचा अंत पाहिलेल्या ओरोस्कोला निःशस्त्र प्रतिकाराचे हे रूप महत्त्वाचे वाटले, हे उल्लेखनीय आहे. लेनिन आणि गांधी यांना परस्परांसमोर ठेवून त्याने प्रेक्षकाला दोन मार्ग दाखविले. निवड मात्र त्याच्यावर सोपविली.

या चित्रांमुळे संस्थेचे काही धनिक आश्रयदाते दुरावले, असे ओरोस्कोने नमूद केले आहे. पुढे १९५३ मध्ये, अमेरिकेत साम्यवादविरोधी वातावरण तीव्र असताना, संस्थेने लेनिन व स्टालिन यांची चित्रे असलेल्या भागावर पडदा टाकला. मुक्त विचाराचे केंद्र म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने हे करावे, ही घटना शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकास विचार करावयास लावणारी आहे. तो पडदा कालांतराने दूर झाला.

डार्टमथ : ज्ञानसंस्थेची चिकित्सा

१९३२ ते १९३४ या काळात न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयाच्या बेकर ग्रंथालयात ओरोस्कोने 'अमेरिकन संस्कृतीचे महाकाव्य' ही चोवीस भागांची चित्रमालिका पूर्ण केली. येथे 'अमेरिका' या शब्दाचा अर्थ एक देश असा नसून संपूर्ण खंड असा आहे. पूर्वार्धात प्राचीन स्थलांतरे, नरबळी, केत्सालकोआत्ल या देवतेचे आगमन, त्याने आणलेला सुवर्णकाळ आणि त्याचे निर्गमन हे विषय येतात. उत्तरार्धात कोर्तेसचे आगमन, यंत्रयुग, उत्तर अमेरिकेतील शिस्तबद्ध एकसुरी समाज आणि दक्षिणेतील बंडखोर व त्याला घेरणारे लोभी सेनापती अशी दृश्ये आहेत. शेवटी ख्रिस्त आपलाच क्रूस कुऱ्हाडीने तोडून उभा आहे. प्राचीन नरबळीसमोर त्याने आधुनिक नरबळी ठेवला आहे: अज्ञात सैनिकाचा, ध्वज आणि पुष्पचक्रे यांखाली झाकलेला. या दोन टोकांमध्ये प्रगतीची सरळ रेषा दाखविण्यास त्याने नकार दिला.

या मालिकेतील 'आधुनिक जगाचे देव' हा भाग प्राध्यापकवर्गाने विशेष अभ्यासावा असा आहे. पुस्तकांच्या ढिगावर एक सांगाडा प्रसूत होत आहे. त्याच्या पोटी जन्मणारे अर्भकही मृत सांगाडाच असून त्याच्या डोक्यावर पदवीची टोपी आहे. पदवीदान समारंभाचे झगे घातलेले सांगाडे मागे रांगेने उभे राहून हा सोहळा पाहत आहेत. मागे जग ज्वाळांनी वेढलेले आहे. परंतु या विद्वानांचे तिकडे लक्ष नाही. समाजापासून तुटलेले, स्वतःचीच पुनरावृत्ती करणारे ज्ञान निर्जीव असते, असा हा अभिप्राय. तो ज्या भिंतीवर लिहिला गेला ती भिंत ग्रंथालयाची होती आणि त्याचे मानधन महाविद्यालयानेच दिले होते. पोसादाचे सांगाडे येथे विद्यापीठीय वेष घालून अवतरले.

साहजिकच माजी विद्यार्थी आणि काही कलासंस्था यांच्याकडून विरोध झाला. मंदीच्या काळात अमेरिकन चित्रकार बेकार असताना परकीयास काम का दिले, न्यू इंग्लंडच्या परंपरेशी या चित्रांचा संबंध काय, असे आक्षेप घेतले गेले. महाविद्यालयाचे अध्यक्ष अर्नेस्ट मार्टिन हॉपकिन्स यांनी मात्र चित्रकाराच्या स्वातंत्र्याचे समर्थन केले आणि चित्रे राखली. येथे एक योगायोग बोलका आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये डार्टमथची मालिका पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील रिवेराचे भित्तिचित्र, त्यात लेनिनची प्रतिमा असल्याच्या वादातून, फोडून टाकण्यात आले. आश्रयदात्याच्या वृत्तीवर कलाकृतीचे आयुष्य कसे अवलंबून असते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होते. डार्टमथच्या भित्तिचित्रांना २०१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ हा दर्जा मिळाला.

ग्वादालाहारा : कलेचा कळस

१९३४ मध्ये मायदेशी परतल्यावर मेक्सिको शहरातील ललितकला प्रासादात त्याने 'विरेचन' हे चित्र रंगविले. त्याच्या समोरच्या भिंतीवर रिवेराने न्यूयॉर्कमधील आपले नष्ट झालेले चित्र पुन्हा साकार केले. रिवेराच्या चित्रात यंत्राचे सुकाणू हाती घेतलेला आत्मविश्वासपूर्ण माणूस आहे. ओरोस्कोच्या चित्रात यंत्रे, शस्त्रे आणि माणसे यांचा चुराडा आहे. एकाच दालनातील या दोन भिंती म्हणजे विसाव्या शतकाविषयीची दोन मते होत.

त्यानंतर हालिस्को प्रांताच्या राजधानीत, ग्वादालाहारा येथे, त्याने आपले सर्वश्रेष्ठ काम केले. विद्यापीठाच्या सभागृहात 'जनता आणि तिचे खोटे पुढारी' हे चित्र आहे. उपाशी, कृश माणसे पुस्तके मिरविणाऱ्या पुढाऱ्यांकडे बोट दाखवीत आहेत. शासकीय प्रासादाच्या जिन्यात १९३७ मध्ये त्याने स्वातंत्र्ययुद्धाचा प्रणेता मिगेल इदाल्गो याची भव्य आकृती रंगविली. पेटती मशाल हाती घेतलेला हा धर्मगुरू वरून प्रेक्षकावर झेपावतो. परंतु त्याच्या खाली एकमेकांना भोसकणाऱ्या माणसांचा खच आहे. बाजूच्या भिंतीवर 'विचारप्रणालींचा तमाशा' म्हणता येईल असे चित्र असून त्यात फॅसिझम, साम्यवाद आणि धर्मसत्ता यांची चिन्हे विदूषकांच्या हाती दिली आहेत. शासनाच्या इमारतीत, शासनाच्या पैशाने, सर्वच सत्ताधारी विचारप्रणालींची केलेली ही थट्टा होय.

१९३८-३९ मध्ये ऑस्पिसिओ काबान्यास या जुन्या अनाथालयाच्या प्रार्थनामंदिरात त्याने भित्तिचित्रे पूर्ण केली. तेथील चित्रांची संख्या ५७ मानली जाते. स्पॅनिश विजय, यांत्रिक घोडे, फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक, हुकूमशहा, नामहीन जनसमूह यांवरून नजर वर नेली की घुमटात 'अग्निपुरुष' दिसतो. ज्वाळांत लपेटलेली एक आकृती वर झेपावत आहे. खालून पाहणाऱ्यास तिचे तळपाय प्रथम दिसतात. ती जळते आहे की मुक्त होत आहे, हे चित्रकाराने सांगितलेले नाही. ही इमारत १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या कामाचे तांत्रिक स्वरूपही समजून घेतले पाहिजे. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा ताजा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावावे लागतात. चुना वाळताना रंग त्यात कायमचे बद्ध होतात. त्यामुळे एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच भाग गवंड्याने लिंपावयाचा असतो. चूक झाल्यास गिलावा खरवडून पुन्हा करावा लागतो. घुमटाच्या वक्र पृष्ठभागावर, मान उंचावून, अधू दृष्टीने आणि एका हाताने हे काम करणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते.

अखेरचा काळ

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी त्याने प्रेक्षकांसमोर 'बॉम्बफेकी विमान आणि रणगाडा' हे सहा सुट्या फलकांचे चित्र रंगविले. हे फलक निरनिराळ्या क्रमाने मांडता येतात. १९४१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत त्याने न्यायदेवतेला डुलक्या घेताना आणि न्यायाधीशांच्या सान्निध्यात लुटारूंना वावरताना दाखविले. न्यायसंस्थेस हे रुचले नाही. १९४२ मध्ये त्याचे आत्मचरित्र वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाले व १९४५ मध्ये ते ग्रंथरूपात आले. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या 'एल कोलेहिओ नासिओनाल' या विद्वत्संस्थेचा तो संस्थापक सदस्य होता. १९४६ मध्ये त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ७ सप्टेंबर १९४९ रोजी मेक्सिको शहरात त्याचे निधन झाले आणि शासकीय सन्मानाने त्याला राष्ट्रपुरुषांच्या स्मारकस्थळी चिरविश्रांती देण्यात आली. ज्या शासनसंस्थेची त्याने आयुष्यभर चिकित्सा केली, तिनेच हा मान द्यावा यातील विरोधाभास लक्षणीय आहे.

मूल्यमापन

ओरोस्कोवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, तो निराशावादी होता. क्रांतीने घडवून आणलेल्या जमीनसुधारणा, शिक्षणप्रसार यांची दखल त्याने पुरेशी घेतली नाही. या आक्षेपात तथ्य आहे. रिवेराच्या चित्रांत शेतकऱ्यास मिळणारी जमीन आणि ग्रामीण शिक्षिका दिसते. ओरोस्कोच्या चित्रांत हा विधायक भाग अत्यल्प आहे. केवळ त्याच्या चित्रांवरून कोणी मेक्सिकन क्रांतीचा इतिहास लिहू लागल्यास तो एकांगी ठरेल. दुसरा आक्षेप असा की, प्राचीन मूलनिवासी संस्कृतीकडे त्याने पुरेशा आत्मीयतेने पाहिले नाही. येथे मात्र त्याची भूमिका समजून घेणे आवश्यक आहे. नव्या जगाची कला ना युरोपच्या अवशेषांवर उभी राहू शकते ना स्थानिक प्राचीन अवशेषांवर, असे प्रतिपादन त्याने १९२९ मध्येच केले होते. भूतकाळाचा गौरव राजकारणासाठी वापरला जातो, हे त्याने ओळखले होते. पूर्वजांना देव करून वर्तमानातील दरिद्री मूलनिवासी माणसाकडे दुर्लक्ष करणे त्याला अमान्य होते. 'पर्यटक आणि आस्तेक' या मुद्राचित्रात त्याने याच प्रवृत्तीचा उपहास केला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, ओरोस्कोच्या भित्तिचित्रांचे मूळ छापील चित्रांत आहे. पोसादाची चित्रपत्रके, स्वतःची व्यंगचित्रे आणि शिळाछाप मुद्राचित्रे यांतून घडलेली थेट, काळ्या रेषेची भाषाच त्याने भिंतीवर नेली. म्हणून त्याच्या मुद्राचित्रांना दुय्यम मानणे योग्य नव्हे. दोन, आश्रय घेऊनही स्वातंत्र्य राखता येते, हे त्याने सिद्ध केले. परंतु ते एकट्या कलावंताच्या बळावर शक्य होत नाही. त्यासाठी हॉपकिन्स यांच्यासारखा, स्वतःच्या संस्थेवरील टीका भिंतीवर राहू देणारा आश्रयदाताही लागतो. तीन, नेत्यांपेक्षा अनामिक माणसाकडे पाहण्याची त्याची दृष्टी इतिहासलेखनासही उपकारक आहे.

विजयी पक्षाच्या दृष्टीने इतिहास मांडण्याचा मोह प्रत्येक क्रांतीनंतर होतो आणि शिक्षणसंस्था त्यास अपवाद नसतात. बेकर ग्रंथालयात अभ्यासास बसणारा विद्यार्थी आजही मान वर करतो तेव्हा त्याला पदवीचे झगे घातलेले सांगाडे दिसतात. आपल्या ज्ञानाचा बाहेरील जळत्या जगाशी काही संबंध उरला आहे काय, हा प्रश्न ते विद्यार्थ्यांपेक्षा अध्यापकांना अधिक विचारतात.